मुलाकडे गाडी आहे का?

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, काकाचं लग्न कधी?" मी आवाज तुटतोय असं सांगून विषय बदलला. आवाज तुटत नव्हता. काही गोष्टी मला बोलून सांगता येत नाहीत, लिहून सांगता येतात, म्हणून लिहिते. तुम्ही हिवाळ्यात याल तेव्हा त्याला हे विचारू नका. लग्न ठरलेलं नाही, आणि आता ठरेल असं मला वाटत नाही.

हा काका म्हणजे तुमच्या बाबांचा चुलतभाऊ, माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. दोन भावांपैकी मोठे, म्हणजे तुमचे आजोबा, शिकून दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला लागले. धाकट्याने जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडची आपली शेती सांभाळली. तेव्हा कोणी त्याला कमी लेखलं नाही. उलट आमच्या क्वार्टरला पाहुणे आले की म्हणत, "मजा धाकट्याची हाय, घरचं केळ, घरचं दूध." पुढे आम्ही निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात घर बांधलं. आजोबा गेले, नंतर दीरही गेले. शेत त्याच्या मुलाकडे आलं. तो ते चांगलं करतो. केळी आहे, थोडा कापूस आहे, ठिबक आहे. व्यसन नाही. दिसायला तुमच्या बाबांपेक्षा उजवा. पण छत्तीस वर्षांचा झाला तरी त्याला मुलगी मिळत नाही, कारण तो शेतकरी आहे. त्याच्या वयाचे गावात त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. संध्याकाळी सगळे पारावर बसतात आणि लग्न सोडून बाकी सगळं बोलतात.

दर वेळी नकार गावभर होतो, म्हणून गेली काही वर्षं आम्ही पहिली भेट माझ्याकडे धुळ्यात ठेवतो. जमलं तर पुढे पाहुण्यांना गाव दाखवायचं, नाही जमलं तर कोणाला पत्ता नाही. यंदा होळीच्या आधी आमच्या नात्यातले एक नाना एक स्थळ घेऊन आले. मुलगी इथलीच, धुळ्याची. भाऊ नरडाण्याला कारखान्यात. पूर्वी आपल्याकडून एवढ्या लांब सोयरीक करत नसत, आता लांब-जवळ कोण बघतो. नाना झोपाळ्यावर बसून म्हणाले, "वहिनी, या खेपेला जमतंच. जमीन किती, घर कसं, काही विचारलं नाही त्यांनी. एकच विचारलं, मुलाकडे गाडी आहे का? मी म्हटलं, आहे म्हणजे! कायम गाडीवरच असतो मुलगा."

मी तेच फोनवर पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "मोठी आई, गाडी आहे, पण दाखवण्यासारखी नाही."

खरंच नव्हती. ती त्याच्या वडिलांची मोटारसायकल. उन्हाने टाकीचा काळा रंग पिठासारखा पांढुरका झाला होता. बाजूला एक पोचा, आणि जागोजागी केळीच्या चिकाचे तपकिरी डाग, जे काही केल्या जात नाहीत. तो म्हणाला, "महिना आहे हातात. मी घरीच रंगवतो. पण इथे नको, इथे दिवसभर ट्रॅक्टरची धूळ. तुझ्याकडे येऊ?" मी म्हटलं, ये. तो तीच गाडी चालवत आला. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि रंगाच्या सामानाची एक मोठी पिशवी होती.

मला कामं क्रमाने झालेली आवडतात, तुम्हाला माहीत आहे. पोर्चला तीन बाजूंनी प्लास्टिक बांधलं, जमिनीवर जुने पेपर अंथरले, काढलेले स्क्रू मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत वेगवेगळे ठेवले. त्याला लाल रंग द्यायचा होता. मी आर.सी. बुक पाहिलं, त्यात काळा लिहिलेला. म्हटलं, काळाच दे, उगाच आर.टी.ओ.ची भानगड नको. तो म्हणाला, "काळ्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो, मोठी आई." मग स्वतःच म्हणाला, "दिसू दे. पडूच द्यायचा नाही."

पहिले काही दिवस नुसतं खरवडणं. जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढायचा, पोच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पुन्हा घासून सपाट करायची. प्रायमर. मग डब्यातल्या फवाऱ्याने काळ्या रंगाचे हात, आणि सगळ्यांत वर क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा चकचकीत थर. डब्यावरच्या सूचना इंग्रजीत होत्या, त्या मी वाचून सांगायची. बाकी तो मोबाइलवर व्हिडिओ बघून करायचा. क्लिअर मारून झाला त्या दुपारी टाकी इतकी चमकत होती की मला वाटलं झालं काम. मी म्हटलंसुद्धा, "वा! नवी कोरी!"

"जवळून बघ," तो म्हणाला.

जवळून पाहिलं तर सगळा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत. एका ठिकाणी एक चिलट चिकटून बसलेलं. हे सगळं आता घासून सपाट करायचं आणि मग पॉलिश करून चमक परत आणायची. पाहुणे आले की पोर्चच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाकीत सरळ रेघेसारखं दिसलं पाहिजे, वेडंवाकडं नाही, असं त्याने मनात धरलं होतं.

क्लिअर पक्का वाळायला आठवडा दिला. त्या आठवड्यात त्याची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, एसटीने आली. येताना कापूस घेऊन आली, वेचून आणलेला, सरकीसकट. तिने ऐकलं होतं की पॉलिशला मऊ फडकं लागतं.

"दुकानातलं फडकं कायले?" ती म्हणाली. "घरात कापसाचा ढीग पडेल हाये. यापेक्षा मऊ काय असते?"

"आई, यात काडीकचरा आहे. चरे पडतील."

"एवढे वर्स याच्याच गादीवर झोपला तू. तुले नाही पडले चरे."

तो हसला, पण कापूस घेतला नाही. ती रुसली. मग दुपारभर पायरीवर बसून एकेका बोंडातली सरकी आणि वाळलेल्या पानाचा चुरा काढत राहिली. चष्मा नाकावर, मांडीवर सुपडं. संध्याकाळी स्वच्छ कापसाचा एक गोळा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "आता पाह्य. याच्यात काडी दिसली तं माह्यं नाव बदल." त्याने तो घेतला आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला.

घासाई सुरू झाली तेव्हा मला काम मिळालं. वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून तो लहान लाकडी ठोकळ्यावर गुंडाळायचा आणि टाकीवर हलक्या हाताने फिरवायचा. मी तांब्याने पाणी सोडायची. त्याने मला सांगून ठेवलं होतं, "मोठी आई, पाण्याकडे लक्ष ठेव. पांढरं, दुधासारखं निघतंय तोवर वरचा क्लिअर जातोय, चालेल. काळं निघालं की लगेच ओरड."

चमक पहिल्या पाच मिनिटांत गेली. टाकी राखाडी, मेलेली दिसायला लागली. मला ते बघवेना. एवढं करून आणलेलं आपल्याच हाताने घालवायचं आणि परत येईल असं धरून चालायचं. जाऊबाई दारातून बघत होती. "कायले एवढं घासतं रे? चामडं निघीन तिचं!" ती म्हणाली. "नवरीच्या आधी गाडीलेच हळद लाव आता."

"हळद नाही, रबिंगचं पॉलिश लावणार आहे," तो म्हणाला. "पण नंतर."

आम्ही तिघं हसलो. ते दिवस बरे होते, हे मला नंतर कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं. तो सकाळी उठून गुणगुणायचा. माझ्या घरात इतक्या दिवसांनी कोणीतरी वस्तू पसरत होतं. जेवताना जाऊबाई मुलीबद्दल विचारायची, तिला स्वयंपाक येतो का, इतकी शिकलेली मुलगी गावात रमेल का. तो म्हणायचा, "आई, आधी येऊ तर दे त्यांना." पण त्यालाही तेच बोलायचं असायचं. एकदा त्याने मला विचारलं की इथून मुलीच्या घरी जायला पांझरा नदीवरचा कुठला पूल जवळचा.

टाकीच्या वरच्या कडेला काळं पाणी निघालं. मी ओरडले, त्याने हात उचलला, पण कडेला थर मुळातच पातळ बसतो. एक बोटभर लांबीचा पट्टा उघडा पडला होता, काळ्याखालचं करडं प्रायमर दिसत होतं. त्याने तो पट्टा फडक्याने कोरडा केला आणि वाकून पाहिला. पाहुणे रविवारी यायचे होते, आणि तो सोमवार होता.

"राहू दे ना," मी म्हटलं. "एवढंसं कोण बघतं?"

"तेच बघतात," तो म्हणाला. "माणसाचं तेच बघतात."

त्याने तेवढा भाग पुन्हा घासला, पुन्हा रंग, पुन्हा क्लिअर. लवकर वाळावं म्हणून टाकी गच्चीवर उन्हात ठेवली, वर धूळ बसू नये म्हणून पातळ चादरीचा मांडव, आणि स्वतः शेजारी बसून राहिला. शुक्रवारी तो कडेचा भाग अगदी हलक्या हाताने घासला. मी पाण्यावरून नजर काढली नाही. पाणी पांढरं राहिलं. शनिवारी ड्रिल मशीनला फोमची चकती लावून रबिंग कंपाउंडने बफिंग केलं. चकती एका जागी थांबली तर रंग जळतो, म्हणून हात सतत फिरता. मेलेल्या राखाडीतून हळूहळू काळं वर येत गेलं, आधी धूसर, मग ओलं असल्यासारखं, मग खोल. शेवटचा हात त्याने आईच्या कापसाने फिरवला. मग पोर्चमधली ट्यूब लावली. टाकीत ती सरळ दिसत होती. रेघ मारावी तशी सरळ.

जाऊबाईने टाकीत वाकून पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

रविवारी गाडी जोडून, पुसून, पोर्चमध्ये अशी उभी केली की फाटक उघडताच दिसावी. पाहुणे तीन जण आले, मुलीचे वडील, मामा आणि नरडाण्याचा भाऊ. नाना त्यांच्या सोबत होते. ते चारचाकीतून उतरले, मोटारसायकलच्या बाजूने गेले. मामांनी चप्पल काढताना तोल सावरायला तिच्या टाकीवर तळहात टेकला. बोटांचे ठसे उमटले. पुतण्याचे डोळे तिकडे गेले, माझेही गेले.

पोहे झाले, चहा आला. वडील सज्जन माणूस, हळू बोलणारे. त्यांनी केळीच्या भावाबद्दल विचारलं, गावात दवाखाना आहे का विचारलं, मी कॉलेजात काय शिकवायची ते विचारलं. पुतण्या नीट उत्तरं देत होता. नानांनी मला डोळ्यांनी खुणावलं, जमतंय. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभी होती.

मग मामांनी बशी खाली ठेवली आणि अहिराणीत विचारलं, "आणि गाडी कोठे शे?"

"ती काय, बाहेर," नाना म्हणाले. "तुम्ही तिच्याच बाजूने आलात."

मामा उठून खिडकीशी गेले. पडदा बाजूला केला. रस्त्यावर त्यांचीच चारचाकी उभी होती आणि पोर्चमध्ये मोटारसायकल. त्यांनी दोनदा बघितलं.

"नाना, ती ते फटफटी शे!"

मग मामा मोठ्याने हसले. ते वाईट मनाने हसले नाहीत, त्यांना खरंच गंमत वाटली. भाऊही हसला. नाना ओशाळे हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे गाडी म्हणजे हीच." मामा परत बसता बसता म्हणाले, "पण चकाचक करेल शे, हा!" आणि माझा पुतण्याही हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं.

मुलीच्या वडिलांनी दोघांना हाताने थांबवलं. मला म्हणाले, "तसं काही नाही ताई. मुलगी नोकरी करते. लग्नानंतर बदली घेऊन तुमच्या गावाहून रोज जळगावला जायचं तर गाडी लागेल, उन्हापावसात, एकटीला. म्हणून विचारलं होतं." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला मुलगी असती तर मीही हेच विचारलं असतं. निघताना ते म्हणाले, "कळवतो." आपल्याकडे जमणार असलं की जागेवरच सांगतात, किंवा पुढची तारीख विचारतात. कळवतो म्हणतात तेव्हा कळवायचं काही उरलेलं नसतं.

मी जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले. माझ्या लग्नात सासऱ्यांकडे गाडी आहे असं कोणी म्हटलं, तेव्हा ती बैलगाडी होती. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये गाडी म्हणजे स्कूटर. तुमच्या बाबांनी पहिली नोकरी लागल्यावर गाडी घेतली म्हणून कळवलं तेव्हा ती चारचाकी होती, आणि ते मला विचारावं लागलं नव्हतं. या खेपेला आम्हा कोणाला विचारायचं सुचलं नाही. नानांनी ऐकलं ते सांगितलं, मी ऐकलं ते सांगितलं, आणि पुतण्याने महिनाभर घासलं.

पाहुणे गेल्यावर जाऊबाई म्हणाली, "घेऊन टाक ना मग एक चारचाकी. या वर्साची केळी जाऊ दे."

"घेईन," तो म्हणाला. "मग ते नोकरी विचारतील. मग पुण्यात फ्लॅट विचारतील. आई, आपण गावात राहतो हेच त्यांना नको आहे. गाडी त्यांनी सभ्यपणे विचारली."

नंतर मी भांडी आवरत होते तेव्हा तो ओट्याशी येऊन उभा राहिला. "मोठी आई, नानांनी तेव्हाच सांगितलं असतं की फटफटी आहे, तर ते आलेच नसते ना?"

मी म्हटलं, "नसते आले."

त्याने मान हलवली. त्या उत्तराचा त्याला काही उपयोग नव्हता आणि मलाही नव्हता. इतकी पुस्तकं वाचून मला एवढंच सांगता आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत गेला. जाताना फाटकापर्यंत गाडी ढकलत नेली, कारण पोर्चमधली माती टायरने उडून रंगावर बसेल.

नाना नंतर दोनदा भेटले, स्थळाचा विषय काढला नाही. मीही नाही. त्याच्या वयाला आता घटस्फोटित मुलींची स्थळं बघा म्हणतात, तर त्यातही पहिला प्रश्न नोकरीचाच असतो. जाऊबाई अजून दर महिन्याला फोन करते आणि फोन ठेवताना विचारते, "अक्का, तिकडे कोणी हाये का?" मी म्हणते, बघते. मी बघतही नाही. कोणाकडे बघू?

जूनमध्ये केळीची नवी लागण होती तेव्हा मी गावी गेले होते. सकाळी तो कंद भरलेली गोणी शेतात न्यायला निघाला. गोणी ओली, मातीने माखलेली. मागच्या सीटवर मजूर बसणार म्हणून गोणी पुढे, टाकीवर घ्यायची होती. गाडी अजून चमकत होती, ठसे पुसलेले, ट्यूबलाइट दाखवावी तर सरळ दिसली असती. मी दोरीवरचा टॉवेल ओढून घेतला, चारपदरी केला आणि टाकीवर अंथरायला गेले.

त्याने तो टॉवेल उचलून माझ्या हातात परत दिला. "राहू दे, मोठी आई. धुवावा लागेल तुला."

"अरे, चरे पडतील."

"पडू दे. आता कोणाला दाखवायची आहे?"

त्याने गोणी उचलून टाकीवर आपटली, नीट बसावी म्हणून पुढे-मागे सरकवली. खालची माती रंगावर करकरली. मग मजूर मागे बसला, त्याने किक मारली आणि दोघं शेताकडे गेले.